अहो, मशीन म्हणे फिशरनं शोधलं!

अहो, ऐकलंत का? या इकडे, भिंतीजवळ या जरा. तो पाइप राहू द्या, झाडं कुठे पळून जातायत. समोरच्या बंगल्यात काल हळदीकुंकू झालं ना, तुम्ही नव्हता आलात. संक्रांतीचं हो. नावाला संक्रांतीचं, बघायला बोलावलं होतं ते मशीन! पुढून गोल काचेचं दार असलेलं, फुल्ली ऑटोमॅटिक, फ्रंट लोड. वाण काय दिलं विचारा. दांडीवर लावायचे चिमटे! प्लास्टिकचे, रंगीत. मी म्हटलं, घ्या, मशीन यांचं आणि वाळत घालायचं आपण.

तर त्यांचे मिस्टर दारातच उभे. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषमाणसाचं काय काम, तुम्हीच सांगा. पण नाही, डेमो द्यायचा होता ना! म्हणाले, "वहिनी, हे यंत्र अमेरिकेतल्या आल्व्हा फिशरनं शोधलं, १९१० साली. एका माणसानं जगातल्या सगळ्या बायकांवर उपकार केलेत." आणि असे हसले, जणू फिशर त्यांचे सख्खे मावसभाऊ. वर आणखी, "मी हिला ॲनिव्हर्सरीचं गिफ्ट दिलंय." ती बिचारी मागे तिळगुळाचं ताट घेऊन उभी. काही बोलली नाही. पण ओठ असे आत ओढले ना...

आणि तिथे कोण बसलेल्या? आपल्या रिटायर मास्तरीणबाई! बाई सगळं वाचतात. बिलाच्या मागचे नियमसुद्धा वाचतात. त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "फिशरचं पेटंट ९ ऑगस्ट १९१०चं, बरोबर आहे. पण शिकागोच्या हर्ली कंपनीचं 'थॉर' मशीन त्याच्या दोन वर्षं आधीच विकायला आलं होतं. आणि विजेवरच्या मशीनच्या जाहिराती त्याच्याही आधी छापून येत होत्या. मग फिशरनं शोधलं नेमकं काय?"

अहो, काय सांगू तुम्हाला! मिस्टरांचा चेहरा असा पडला, असा पडला... म्हणाले, "म्हणजे, गूगलवर तसंच आहे." बाई म्हणाल्या, "हो ना, सगळ्यांनी एकमेकांचं उतरवून घेतलंय, वर्गात पोरं घेतात तसं." मी पदर तोंडावर धरला. दुसरं काय करणार होते?

मग आज बाजारातून परत येताना बाईंनी मला सगळं सांगितलं. स्टँडपासून आपल्या गल्लीपर्यंत, मध्ये भाजीवाल्याकडे थांबून. मेथी घ्यायला थांबलो तर बाई त्याला म्हणतात, "तुला माहितीये का, अगदी जुन्या काळचं एक धुण्याचं मशीन पाद्रीबुवाच्या घरी झालं?" तो म्हणाला, "पंधराला जुडी, बाई."

पण खरंच हो, पाद्रीच! जर्मनीत रेगेन्सबुर्ग म्हणून गाव आहे, तिथले शेफरबुवा. याकोब क्रिस्टियान शेफर. देवाचं काम सोडून या माणसाला बाकी सगळ्याची आवड. कुत्र्याच्या छत्र्या बघायच्या, किडे बघायचे, गांधीलमाशीच्या पोळ्याचा कागद करून बघायचा. आणि १७६७ साली त्यांनी चक्क धुण्याच्या यंत्रावर पुस्तिका काढली! लाकडी पिंप, आत फिरवायची दांडी. त्यांच्या घरात त्यावरून काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते तुम्ही-आम्ही समजू शकतो. पंधरा वर्षांनी, १७८२मध्ये, लंडनच्या हेन्री सिजियरनं फिरत्या पिंजऱ्याचं पेटंट घेतलं. समोरच्यांच्या गोल दाराचा पणजोबा म्हणायचा तो. हातानं फिरवायचा हो, वीज कुठली तेव्हा.

तर काय सांगत होते... हां, गिफ्ट! ते गिफ्टचं खूळ समोरच्यांचं नाहीच मुळी. अमेरिकेत इंडियानाच्या ब्लॅकस्टोन नावाच्या एकानं १८७४ साली बायकोच्या वाढदिवसाला हेच केलं, असं सांगतात. लाकडी टब, आत खुंट्या बसवलेली फिरकी, वर हँडल. घे ग बाई, तुझा वाढदिवस, फिरव. मग शेजारणींनी बघितलं, त्यांनाही हवं झालं, आणि याची कंपनी उभी राहिली. बायकोनं त्या वाढदिवसाला मागितलं काय होतं, ते कुणीच लिहून ठेवलं नाही बघा. मला तर वाटतं बांगड्या मागितल्या असणार.

आणि बायकांनी स्वतः केलेली मशीनं नव्हती असं समजू नका. फिलाडेल्फियाला १८७६ साली मोठं प्रदर्शन भरलं होतं ना, अमेरिकेच्या शंभरीचं. त्यात बायकांचा वेगळा मंडप होता. तो का वेगळा? तर पुरुषांच्या इमारतीत जागाच दिली नाही म्हणून! मग बायकांनी स्वतः पैसे जमवले आणि स्वतःचा बांधला. तिथे मिशिगनच्या मार्गारेट कोल्विनबाईंनी आपलं 'ट्रायंफ रोटरी वॉशर' मांडलं होतं. आणि त्या मंडपातलं सगळं ज्या वाफेच्या इंजिनावर चालायचं, ते चालवायलाही बाईच, एमा ॲलिसन. लोक रांगा लावून इंजिन नाही, बाई बघायला यायचे. त्याच सालात, बरं का, फेब्रुवारीत, इकडे अमरावतीकडच्या शेंडगावात परटाच्या घरी आपल्या गाडगेबाबांचा जन्म. बाई म्हणतात, योगायोग आहे, फार ताणू नका. मी कुठे ताणतेय? मी आपलं सांगितलं.

आता खरी गोष्ट ऐका. ही मी समोरच्या मिस्टरांना सांगणार आहे, संधी मिळू द्या.

धुण्यात जीव कशानं जातो सांगा बरं. घासून? नाही. पिळून! आमच्या सासूबाईंचं नऊवारी लुगडं पिळायला दोघी लागायच्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला जाऊबाई, आणि मनात राग असला की जरा जास्तच पीळ बसायचा. हिवाळ्यात तर मनगटं अशी भरून यायची की भाकरी थापवायची नाही. चादरी, सतरंज्या, यांच्या जाडजूड पँटी... अहो, ते पिळण्याचं यंत्र, दोन रुळांमधून कपडा घातला की पाणी खाली आणि कपडा चपटा बाहेर, त्याची सुधारलेली तऱ्हा काढली वॉशिंग्टनच्या एलन एग्लिन नावाच्या बाईनं. काळी बाई. लोकांच्या घरी राबलेली. तिनं ते १८८८ साली एका एजंटाला विकून टाकलं. कितीला?

अठरा डॉलरला.

पुढे त्यावर दुसऱ्यांनी भरपूर कमावलं. १८९०च्या सुमाराला बायकांच्या शोधांवर एक मासिक निघायचं, त्यात कुणीतरी तिला विचारलं की इतक्या स्वस्तात का दिलं ग बाई. तर तिनं सरळ सांगितलं: काळ्या बाईनं काढलंय असं कळलं असतं, तर गोऱ्या बायकांनी ते घेतलंच नसतं. ऐकलंत? म्हणजे ज्यांची धुणी धुवायची, त्यांच्याच भीतीनं नाव झाकायचं. ती म्हणाली होती की पुढचा शोध लावीन तो माझ्या नावावर लावीन. मास्तरीणबाई हे सांगताना भाजीवाल्याच्या गाडीपाशी अशा थबकल्या, की त्यानंही मेथीची जुडी हातात तशीच धरून ठेवली. मग म्हणाला, "मंग लावला का तिनं दुसरा?" पेटंटात तिचं नाव कुठे सापडत नाही, म्हणाल्या बाई. तो काही बोलला नाही. कोथिंबीर मात्र वर टाकली थोडी.

आणि हे लोक म्हणे फिशर, फिशर.

बरं, जाऊ द्या. मेटॅगवाल्यांचं ऐकलंत का? ते आपल्यातले वाटतात मला. अमेरिकेत आयोवातल्या न्यूटन गावचे, शेतीच्या अवजारांचा धंदा. मळणीयंत्राला पेंढ्या भरवायचं साधन करायचे. आता मळणी काय बारा महिने असते? हंगाम संपला की कारखान्यात माश्या मारायच्या. मग १९०७ साली त्यांनी रिकाम्या दिवसांत करायला म्हणून धुण्याचं मशीन काढलं. जोडधंदा! आपल्याकडे कांदा निघाला की लोक कुक्कुटपालन बघतात, तसलंच. आणि गावोगाव वीज नव्हती, तर मशीनला खाली छोटं पेट्रोल इंजिन बसवून दिलं. म्हणजे ओट्यावर धुणं चाललंय आणि आवाज फटफटीचा. १९२२ साली मग त्यांनी फिरकी टबाच्या तळातून वर आणली, ॲल्युमिनियमच्या टबात, आणि तिथून त्यांनी जे मार्केट खाल्लंय...

पण मी सांगत होते ते वेगळंच. तुम्ही हसता ना, पंजाबात वॉशिंग मशीनमध्ये लस्सी घुसळतात म्हणून? आमचे हे तर व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ पाठवत बसतात. अहो, मेटॅग कंपनी स्वतः लोणी काढायचं भांडं विकायची, त्याच मशीनच्या मोटरवर लावायचं! आणि खिमा करायचं यंत्रसुद्धा. शेतकऱ्यानं एवढे पैसे घातलेत, तर मोटर नुसती धुण्यापुरती कशाला? आता बोला पंजाब्यांना काय ते. मी हे यांना सांगितलं, तर म्हणाले, "असं काही नसतं." मग रात्री गुपचूप मोबाईलवर बघत होते. काही बोलले नाहीत. जेवताना लोणी मात्र मागून घेतलं.

विजेचं म्हणाल तर तीच मोठी गंमत. इस्त्रीची गोष्ट आहे ही, पण धुण्याच्याच घरातली. कॅलिफोर्नियात रिचर्डसन म्हणून एक जण होता, वीज कंपनीत, मीटर बघायचा. त्यानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विजेची हलकी इस्त्री केली आणि घरोघर वाटली. पण दिवसा वीज असायची कुठे? कंपनी फक्त रात्रीची वीज सोडायची, दिव्यापुरती. आणि बायका इस्त्री करायच्या मंगळवारी दिवसा, कारण सोमवारी धुणं. मग त्यानं कंपनीला गळ घातली, आणि कंपनीनं मंगळवारी दिवसाही वीज सुरू केली! इस्त्रीसाठी! आपल्याकडे लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आपण काय केलं? रात्री दोनला लाइट आली की दोनला उठलो. मोटर लावली, पिठाची गिरणी लावली, धुणं टाकलं. कुण्या साहेबानं विचारलं का, ताई, तुमचा धुण्याचा वार कोणता म्हणून? मी एकदा सब-स्टेशनवाल्याच्या बायकोला बोलता बोलता म्हटलं होतं. ती म्हणाली, "आमच्याकडेच नसते हो."

तर काय सांगत होते... जपान. अहो, जपानात तर घरातलंच भांडण! ते आपले पॅनासोनिकवाले मात्सुशिता, माहितीयेत ना? त्यांच्या बायकोचा भाऊ तोशिओ इउए. म्हणजे सख्खा मेव्हणा. पहिल्या दिवसापासून भाऊजींच्या धंद्यात राबला. युद्ध संपल्यावर वेगळा झाला आणि सान्यो काढली. सुरुवात सायकलच्या दिव्यापासून. मग १९५३ साली त्यानं विलायती हूव्हरचं मशीन बघून असं स्वस्त मशीन काढलं, पाण्यात चकती फिरून भोवरा होणारं, २८,५०० येनचं, की बाकीच्यांची मशीनं त्यापुढे दुप्पट महाग दिसायला लागली. आणि भाऊजी त्या धंद्यात आधीपासूनच होते. आता मला सांगा, त्या मुमेनोबाईंनी, एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ, घरात कुणाचं मशीन ठेवलं असेल? दिवाळीला माहेरी गेल्यावर विषय निघत असेल का? त्यांच्यात दिवाळी नसते म्हणा. पण नवीन वर्ष असतंच की.

मला ना, हे कुणी का लिहून ठेवत नाही तेच कळत नाही. किती येनचं ते ठेवलंय लिहून.

त्या काळात जपानात टीव्ही, फ्रीज आणि धुण्याचं मशीन यांना तीन रत्नं म्हणायचे, म्हणजे राजाकडे असतात ती. लग्नाच्या बोलणीत निघत असणारच. आणि त्याच्याही आधी, १९३० साली, जपानातलं पहिलं विजेचं मशीन केलं ते पुढे तोशिबा झालेल्या कंपनीनं. आणि विद्या कुणाची घेतली? शिकागोच्या हर्लीची! त्याच 'थॉर'वाल्या. बघा कसं फिरून येतं.

आणि तोशिबा म्हटलं की आपलं कोण? औरंगाबादचे धूत! आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं. नंदलाल माधवलाल धूत, ऊस-कापसातलं घराणं, मराठवाड्यातलं. त्यांनी तोशिबाशी हात मिळवून रंगीत टीव्ही काढला, आणि पाठोपाठ ऐंशीच्या दशकाच्या शेवटी व्हिडिओकॉनचं वॉशिंग मशीन. पैठण रोडला चितेगावला कारखाना. ती जाहिरात आठवते ना? आठवते म्हणजे काय, आपली पोरं पाढे विसरली पण ते गाणं नाही विसरली. ते गाणं लागलं की आमच्या घरात सासूबाई टीव्हीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "माय वं! मशीन कपडा धोई? तिले हात कोठे शेतस?" आणि वर मग माझ्याकडे बघायच्या. म्हणजे प्रश्न मशीनला, उत्तर माझ्याकडे.

तेव्हा आपल्या नामपूरला मशीन म्हणजे कुणाकडे हो? डॉक्टरांकडे आणि एक-दोन व्यापाऱ्यांकडे. बाकी लोक धुवायला मोसम नदीवरच जायचे. पुढे तीच कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. माणसाचं काय, कंपनीचं काय, सगळ्यांचे दिवस असतात. ते काचेच्या दाराचं फ्रंट लोड तर आपल्या गोव्यातही तयार होतं, वेर्ण्याला, आयएफबीवाल्यांकडे. मूळ कोलकात्याची कंपनी, मशीनची विद्या जर्मनांची. समोरच्यांना हे सांगितलं तर पुन्हा चेहरा पडेल. त्यांना वाटतं सगळं अमेरिकेतनंच येतं.

बरं, घेतलंय तर घेतलंय. पण मी त्यांच्या मिसेसना आत नेऊन हळूच विचारलं, "अहो, आपल्या बोअरच्या पाण्यात चालतं का हे?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही." मी म्हटलं, चार महिन्यांत कळेल. आपल्या पाण्यात बादलीला पांढरी पुटं चढतात, गीझरच्या कॉइलला चढतात, त्या मशीनच्या आतल्या हीटरला काय सोडणार आहेत? साबणाला फेस येत नाही, तुम्ही पावडर दुप्पट टाकता, मग कपडे चिकट, मग पुन्हा धुवा. आणि ऑटोमॅटिकला नळाला प्रेशर लागतं. टाकी गच्चीवर पाहिजे, भरलेली पाहिजे. म्हणून म्हणते, सेमी ऑटोमॅटिक घ्यावं माणसानं. बादलीनं पाणी ओता, लाइट गेली तर हातानं उपसा, कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. तळाला ती जपान्यांची चकती, शेजारी ड्रायर. त्या ड्रायरनं तर माझ्या मनगटांना जीवदान दिलंय. फिरकीनं पाणी नुसतं भिंतीला फेकतो आणि साडी अर्धी वाळलेली हातात. एलनबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, अठरा डॉलर परत द्या.

आणि गोधडी? नवरात्राआधी सगळ्या घराच्या गोधड्या, चादरी, पडदे धुवायचे म्हणजे धुवायचेच. मशीनवर सात किलो लिहिलेलं असतं ना, ते कोरड्या कपड्यांचं हो. आजीच्या हातची चार लुगड्यांची गोधडी भिजली की दोघी मिळून उचलत नाहीत. गेल्या वर्षी हरणबारी धरणातून पाणी सुटलेलं होतं, तर अर्धं गाव मोसमच्या काठावर. ज्यांच्याकडे मशीनं आहेत त्याही! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या टाकून आल्या. मोगरीचा आवाज पलीकडच्या मळ्यात जात होता. आणि एका दिवसात मला वर्षभराच्या बातम्या कळल्या, त्या कोणत्या ते तुम्हाला नंतर सांगते.

पूर्वी मोठी धुणी परटाकडे जायची. बारा बलुतेदारांतला मान त्याचा, खळ्यावर धान्य मिळायचं. लग्नात पायघड्या घालायलाही तोच. आता त्या घरची पोरं इस्त्रीचं दुकान चालवतात, स्टँडजवळ, आणि इस्त्री कोळशाची नाही, गॅसची. मशीन आलं आणि परटाचं धुणं गेलं कुठे? आपल्याकडे आलं! हे मी नाही, एका अमेरिकन बाईनं लिहिलंय, रूथ श्वार्ट्झ कोवन. १९८३ साली मोठं पुस्तक केलंय, नावच 'मोअर वर्क फॉर मदर'. त्यांच्याकडेही आधी धोबीण होती, लॉन्ड्री होती. घरात मशीन आलं, त्या गेल्या, आणि सगळं एकट्या बाईच्या अंगावर आलं. वर पुन्हा स्वच्छतेचं खूळ वाढलं. एक शर्ट दोन दिवस घालायचे, आता सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. आमच्याकडे नातू टॉवेल एकदा वापरतो आणि टाकतो मशीनमध्ये. मी म्हटलं, अरे, आंघोळ केलेल्या अंगाला पुसलास ना, मग मळला कशानं? तर हसतो.

तसं मशीनला नावं ठेवायची नाहीत मला. स्वीडनचे ते रोस्लिंग डॉक्टर सांगायचे ना, त्यांच्या घरी पहिलं मशीन आलं तर आजीनं बटण दाबायचा हट्ट धरला आणि खुर्ची टाकून सबंध धुणं बघत बसली. आणि आईला वेळ मिळाला तर ती पोराला लायब्ररीत घेऊन गेली. चांगलंच आहे की. पण आपल्याकडचा हिशोब काढा. सरकारनं २०१९ साली देशभर विचारत फिरून वेळेचा हिशोब केला, कोण किती वेळ कशात घालवतं. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं. आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. पण तो घरकाम करणारा पुरुष सापडायचाच शंभरात सव्वीस! मास्तरीणबाईंनी हे आकडे हळदीकुंकवात सगळ्यांसमोर सांगितले, आणि समोरचे मिस्टर काय म्हणाले असतील? "मी रोज बटण दाबतो की!"

अहो, सगळ्या बायका एकदम गप्प. मग मागून त्यांच्या मिसेस पहिल्यांदा बोलल्या. ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "कालचे कपडे अजून आतच आहेत. वास मारायला लागलेत." बास. एवढंच. मी तर तिथल्या तिथे तिला दोन तिळगूळ जास्त दिले, तिच्याच ताटातले.

आमच्या जाऊबाईंचं सांगायचं राहिलंच की. त्यांनी जुनं सेमी घेतलं, कुणाचं तरी वापरलेलं, मला न सांगता. मला सांगितलं असतं तर मी सांगितलं असतं ना की ड्रायरमध्ये कपडे दाबून, वर जाळीची चकती ठेवून सारखे बसवावे लागतात. यांनी एका बाजूला दादांची जीन्स आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आणि दिलं बटण! मशीन जे नाचायला लागलं, मोरीतून निघालं, पाइप सुटला, पाणी घरभर, आणि शेवटी वायरीनं ओढून धरलं म्हणून अंगणात नाही गेलं. दादा अंघोळीला बसलेले, ते तसेच टॉवेलवर बाहेर. शेजारच्यांनी सगळं बघितलं. आणि जाऊबाई मला काय म्हणाल्या माहितीये? "मशीन थोडं जोरात चालतं, बाकी छान आहे." तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. मी म्हटलं, हो का, आणि ती फरशी कशानं...

शू! त्याच येतायत. हो, कोपऱ्यावरून, पिशवी घेऊन. बघू नका तिकडे.

काय म्हणत होता तुम्ही, लाल कांदा आज काय भावानं गेला?